कौलाचा कौल

समीक्षक या प्राण्याविषयी लोकांचे मत काहीही असो, तो निरुपद्रवी असतो यावर माझा चाळीस वर्षे ठाम विश्वास होता. मी चाळीस वर्षे पुस्तकांची परीक्षणे लिहिली. एखाद्या कादंबरीला मी ‘आशयाच्या पातळीवर ठिसूळ’ म्हटले, म्हणून ती कुणाच्या डोक्यात कोसळली आणि खोक पडली, असे एकदाही घडले नाही. एका कवितासंग्रहाला मी ‘गळका’ असा शब्द वापरला होता. कवी वर्षभर माझ्याशी बोलत नव्हते ही गोष्ट खरी. पण कुणाच्या अंथरुणात पाणी गेले नाही. थोडक्यात काय, ज्याच्याविषयी आपण लिहितो त्याच्याखाली आपल्याला झोपायचे नसते, हे समीक्षकाच्या धंद्यातले सर्वांत मोठे सुख आहे.

हे सुख २०२३ सालच्या एप्रिलमध्ये संपले. पुण्याहून धाकट्या भावाचा फोन आला.

“अण्णा, गावच्या घरावर कौलं कुठली घालायची, मातीची की सिमेंटची, ते तू ठरव.”

“मी? मला कौलांतलं काय कळतं?”

“कादंबरीतलं तरी काय कळत होतं? लिहीत होतास ना? तसंच हे. दोन्ही बाजूंचा विचार करायचा, शेवटी एक बाजू घ्यायची. आमच्यात भांडणं झाली आहेत, म्हणून तटस्थ माणूस पाहिजे.”

तटस्थ म्हणजे ज्याला आजवर कुणी काही विचारले नाही असा, हे मला ठाऊक होते. तरी बरे वाटले.

आधी घराची हकीकत सांगतो. आमचे घर राजापूर तालुक्यात. चिऱ्याच्या भिंती, मधे माजघर, पुढे ओटी, पश्चिमेला लांबलचक पडवी. पणजोबांनी १९०८ साली बांधले. त्यावरची मंगलोरी कौले जैतापूरच्या बंदरात गलबतातून उतरली आणि तिथून बैलगाडीने आली, असे आजी सांगायची. त्यातली निम्मी गाडीत फुटली आणि पणजोबांनी गाडीवानाला त्याच्या सात पिढ्यांसकट आठवले, हाही भाग ती न विसरता सांगायची. त्या घरात आता थोरली वहिनी एकटी राहते. वय बहात्तर. दादा २०१९ मध्ये गेला. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेले आणि जाताजाता आमच्या छपराचा पश्चिमेकडचा मोठा भाग बरोबर घेऊन गेले. तेव्हापासून दोन पावसाळे वहिनीने निळ्या ताडपत्रीखाली काढले होते. आणि या दोन पावसाळ्यांत आम्ही, म्हणजे पुणे, ठाणे, बडोदे आणि न्यू जर्सी येथे कोरड्या जागी राहणारे तिचे दीर, पुतणे आणि भाचे, चर्चा करत होतो.

चर्चेत दोन तट पडले होते. ठाण्याचा चुलतभाऊ आणि बडोद्याची आत्तेबहीण हे कुटुंबातले देशीवादी. ‘मातीची कौलं ही आपली परंपरा आहे, सिमेंट म्हणजे परक्यांचं आक्रमण’ असे त्यांचे म्हणणे. पुण्याचा भाऊ आणि न्यू जर्सीचा पुतण्या हे नवतेचे पुरस्कर्ते. ‘काळाबरोबर बदलायला नको का?’ हा त्यांचा प्रश्न. म्हणजे मराठी साहित्यात शंभर वर्षे चालू असलेले भांडण आमच्या छपरावर चढून बसले होते. फरक एवढाच, की साहित्यातल्या भांडणात खाली कुणी पातेली मांडून बसलेले नसते.

मी गेलो. ओटीवर दोन कौले शेजारी शेजारी ठेवलेली होती. पुस्तक परीक्षणासाठी येते तेव्हा दोन प्रती येतात, इथे दोन लेखक आले होते. मी चष्मा पुसला, वही काढली आणि वर ‘कौल’ असा शब्द लिहिला. लिहिताच थबकलो. आपली मराठी भाषा काय नामी आहे पाहा! घरावर घालतात ते कौल नपुंसकलिंगी, आणि देव देतो तो कौल पुल्लिंगी. ज्याला अभय द्यायचे त्याच्या हाती पूर्वी कौलनामा देत, आणि निवडणुकीत जनता देते तोही कौलच. डोक्यावरचे छप्पर, देवाचे उत्तर, राजाचे अभय आणि लोकांचे मत, या चारांना एकच शब्द असलेल्या भाषेत कौल निवडणे सोपे असेल कसे?

कोणत्याही प्रामाणिक मराठी समीक्षकाप्रमाणे मी पहिल्यांदा परकीय प्रभाव शोधले. पडवीतून पडलेले एक जुने कौल उलटे केले, तर पाठीवर बेसल मिशनच्या कारखान्याचे नाव आणि १८६५ हे साल ठसठशीत उठलेले. ते साल वाचून ठाण्याच्या चुलतभावाने आपले घर १८६५ सालचे असल्याचे गावभर सांगितले होते. वास्तविक ते कारखाना निघाल्याचे साल. बेसल हे गाव स्वित्झर्लंडात. तिथल्या मिशनची माणसे धर्मप्रसाराला मंगळूरला आली. तिथे नेत्रावती आणि गुरुपूर या नद्यांच्या काठची चिकणमाती त्यांनी पाहिली आणि बाटलेल्या माणसांना धंदा हवा म्हणून प्लेब्स्ट नावाच्या जर्मन मिशनऱ्याने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना घातला. बरे, एकमेकांत खाचा अडकवून बसणाऱ्या कौलाची ही मूळ कल्पनासुद्धा मंगळूरची नव्हे. तिचे पेटंट १८४१ मध्ये अल्सेस प्रांतातल्या गिलार्दोनी बंधूंनी घेतले होते. म्हणजे आमच्या देशीवाद्यांची परंपरा फ्रान्समध्ये जन्मली, जर्मन माणसाच्या हाताखाली शिकली आणि गलबतातून जैतापूरला उतरली.

आणि ते आधुनिक, काळाबरोबर चालणारे सिमेंटचे कौल? त्याची सुरुवात १८४० च्या दशकात बव्हेरियात झाली. मंगलोरी कौलापेक्षा ते वीसेक वर्षांनी थोरले! ज्याला आमचा पुतण्या नवता म्हणत होता ती नवता परंपरेची मोठी बहीण निघाली. खरे देशी म्हणायचे तर गावच्या कुंभाराने चाकावर फिरवलेले आणि उभे चिरून भाजलेले नळेच. ते आमच्या गोठ्यावर होते. पण गोठ्याविषयी दोन्ही तटांतून कुणीही अवाक्षर काढले नव्हते, कारण परंपरेचा अभिमान गोठ्यापर्यंत जात नाही.

एवढे संशोधन झाल्यावर मी चहा मागितला. वहिनीने चहा दिला आणि विचारले, “भाऊजी, एवढं लिहिलंत, त्यात गळतं कुठं ते आलं का?”

“वहिनी, अजून पूर्वपीठिका चालू आहे.”

“बरं बरं. पाऊस जूनमधे येतो. तोवर होईल ना पूर्वपीठिका?”

मी घाईने आशयाकडे वळलो.

मंगलोरी कौल म्हणजे निव्वळ माती, साच्यात दाबलेली आणि भट्टीत भाजलेली. तिचा तांबडा रंग बाहेरून दिलेला नाही, मातीतल्याच लोहाचा तो रंग आगीने वर काढलेला. त्यामुळे तो विटत नाही. काळवंडतो, शेवाळतो, पण खरवडले की खाली तोच. सिमेंटचे कौल म्हणजे सिमेंट, वाळू, पाणी आणि रंग, हे दाबून, ओले ठेवून मुरवलेले. त्याला आग माहीत नाही. त्याचा रंग बाहेरून आणलेला असतो आणि वरच्यावर असला तर काही वर्षांच्या उन्हापावसात फिका पडतो. इथे माझ्यातला समीक्षक मोहरला. मी वहीत लिहिले, ‘एकाचा रंग अनुभवातून आलेला, दुसऱ्याचा अलंकारातून.’ वाक्य फार सुंदर झाले होते. अशी सुंदर वाक्ये होऊ लागली की समजावे, आपण पुस्तकापासून दूर चाललो आहोत.

नंतर आवाज. कौल पारखायची जुनी रीत म्हणजे ते एका हाताने अधांतरी धरायचे आणि बोटाच्या पेराने टिचकी मारायची. चांगले भाजलेले कौल खणखणते. कच्चे असले, किंवा पोटात न दिसणारी चीर असली, तर बद्द वाजते. समुद्राजवळ कच्चे कौल फार दिवस टिकत नाही. खारा वारा त्यात मुरतो आणि त्याचे पापुद्रे सुटू लागतात. आमच्या ११५ वर्षांच्या कौलाला टिचकी मारली, तर देवळातल्या घंटेची धाकटी बहीण वाजावी तसा आवाज आला. सिमेंटच्या कौलाला मारली, तर ते काहीच बोलले नाही. माझे बोट मात्र बोलले.

मग वजन. ‘सिमेंटचं कौल जड, जुने वासे मोडतील’ हा देशीवाद्यांचा हुकमी एक्का होता. मंगलोरी कौल अडीच किलोच्या आसपास आणि सिमेंटचे साडेचारच्या. एकेक उचलून पाहिले की प्रश्न मिटतो. पण मी गणित केले. (मराठीच्या प्राध्यापकाने गणित केले ही या लेखातली सर्वांत विश्वसनीय गोष्ट नव्हे, म्हणून मी ते शेजारच्या शाळकरी मुलाकडून तपासून घेतले.) एका चौरस मीटरला मंगलोरी कौले पंधरा-सोळा लागतात, सिमेंटची दहाच्या आसपास. म्हणजे चाळीस किलो विरुद्ध पंचेचाळीस. शिवाय माती पाणी जास्त पिते, त्यामुळे श्रावणात हा फरक आणखी कमी होतो. एकेकटा माणूस केवढा जड वाटतो आणि कुटुंबात बसवला की सगळ्यांचे वजन जवळपास सारखे, तसाच हा प्रकार. हुकमी एक्का दुरीवर आला. तरी एक गोष्ट उरली. रिपांमधले अंतर कौलाच्या मापाने धरलेले असते. कौल बदलले की रिपा उपटून पुन्हा ठोकाव्या लागतात, आणि ११५ वर्षांच्या वाशाला नवा खिळा कितपत मानवेल ते वासाच जाणे.

उष्म्याच्या बाबतीत दोन्ही तट आपापले अनुभव सांगत होते आणि दोघांचेही अनुभव दुसऱ्याच कुणाचे तरी होते. मला एवढे दिसले, की मंगलोरी कौलांच्या फटींतून घर श्वास घेते. चुलीचा धूर त्यांतून बाहेर पडतो, गरम हवाही वर जाते. सिमेंटची कौले घट्ट बसतात, पावसाच्या तिरप्या माराला ते चांगलेच, पण हवेला दुसरी वाट ठेवावी लागते. पर्यावरणाचे म्हणाल तर दोघांचेही हात काळे. एकाची माती शेतातून निघते आणि भट्टीत लाकूड जळते, दुसऱ्याचे सिमेंट करताना जो कार्बन डायऑक्साइड सुटतो त्याची जगभरची गोळाबेरीज विमानांच्या धुराला मागे टाकते. या मुद्द्यावर मी दोघांनाही नापास केले आणि पुढे गेलो, कारण छपराशिवाय राहणे हा तिसरा पर्याय वहिनीने दोन वर्षे करून पाहिला होता.

मधल्या काळात तालुक्याच्या गावाहून एक विक्रेता मोटरसायकलवरून आला. वय असेल सव्वीस. त्याने ओटीवर सिमेंटचे कौल आडवे टाकले, त्यावर स्वतः उभा राहिला आणि म्हणाला, “बघा काका, पन्नास वर्षं बघायला नको.”

“आणि पन्नास वर्षांच्या आत काही झालं तर?”

“तर मी आहे ना!”

मी मनात हिशेब केला. तेव्हा तो शहात्तर वर्षांचा असणार होता आणि मी एकशे बावीसचा. दोघांनी मिळून शिडी धरायची हे दृश्य डोळ्यांपुढे आले. “मातीचं कौल आता मिळतंय कुठं?” असेही तो म्हणाला, आणि त्याचे हे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. मंगळूरकडचे कारखाने एकामागून एक बंद पडत गेले. चांगली माती मिळेना, माणसे मिळेनात आणि गिऱ्हाईक स्लॅबखाली गेले. आता जुनी घरे पाडतात त्यांची कौले उतरवून विकतात आणि ती शहरातले लोक हॉटेलांवर घालायला हौसेने नेतात. म्हणजे ज्या घरांना गळतात म्हणून पाडले त्यांचीच कौले डोक्यावर घेऊन लोक पैसे मोजून झोपतात. अभिजात साहित्याचेही असेच होते.

माझे परीक्षण बावीस पानांवर गेले, तरी निर्णय होईना. तेव्हा भाऊ फोनवर म्हणाला, “अण्णा, ग्रामदेवतेलाच कौल लाव.” तो थट्टेत म्हणाला असावा, पण मी निघालो. बावीस पाने लिहून निर्णय न झालेला माणूस कुठेही जातो.

देवळापाशी गेलो आणि वर पाहिले. लहानपणीचे कौलारू देऊळ जाऊन तिथे सिमेंटचा स्लॅब आला होता. तो स्लॅब गळतो म्हणून त्याच्यावर लोखंडी खांब उभारून पत्र्याची शेड घातली होती. देवाच्या डोक्यावर दोन छपरे होती, आणि तरी गाभाऱ्याच्या कोपऱ्यात बादली ठेवण्याची जागा ओली होऊन काळी पडलेली दिसत होती. गुरवाने माझा प्रश्न गंभीरपणे ऐकून घेतला. मूर्तीला दोन ओल्या कळ्या लावल्या. उजवी पडली तर माती, डावी पडली तर सिमेंट. आम्ही वाट पाहत बसलो. वीस मिनिटांनी दोन्ही कळ्या एकदमच पडल्या.

“याचा अर्थ काय?” मी विचारले.

गुरव डोके खाजवत म्हणाला, “देवाला तुमचा प्रश्नच कळलेला नाय. नीट विचारा.”

चाळीस वर्षांत माझ्या लेखनावर इतका नेमका अभिप्राय कुणी दिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी छपराची उरलेली कौले उतरवायला माणसे आली. त्यांच्यातले म्हातारे आप्पा दर मे महिन्यात दादाबरोबर आमचे घर शाकारायचे. दादा शाळामास्तर. परीक्षा संपून सुट्टी लागली की त्याचा पहिला कार्यक्रम शाकारणीचा. सगळी कौले परतायची, केरकचरा आणि उंदरांची घरटी काढायची, फुटके काढून तिथे चांगले घालायचे. आम्ही बाकीचे मे महिन्यात आंबे खायला जायचो आणि दादा छपरावरून खाली का येत नाही म्हणून जेवणाला उशीर झाल्याची तक्रार करायचो.

आप्पा कौल उतरवत आणि मी खाली टिचकी मारून खणखणीत एकीकडे, बद्द एकीकडे अशी रास करत होतो. पहिल्यांदाच माझ्या समीक्षेचा कुणाला तरी उपयोग होत होता. तेवढ्यात एक कौल हातात उलटे झाले. त्याच्या पोटाला पांढऱ्या ऑइलपेंटने बारीक अक्षरांत लिहिलेले होते, ‘मे १९८७. माकड.’ शाळेच्या बाकांवर नंबर घालतात तो रंग आणि दादाचे ते मास्तरी वळण. मी दुसरे उलटे केले. काही नाही. तिसरे, ‘मे १९९४. फणस पडला.’ मग मी वेड्यासारखा सगळीच उलटी करत सुटलो. ‘मे २००१. चीर.’ ‘मे २००५. माकड.’ ‘मे २०१२. पाणी उलटं घेतं, उतार कमी.’ बदललेल्या प्रत्येक कौलावर त्याने साल आणि कारण लिहून ठेवले होते. ज्याच्याखाली तो रोज झोपत होता त्याचे तो चाळीस वर्षे परीक्षण लिहीत होता, आणि ते कुणी वाचावे अशी त्याची अपेक्षाही नव्हती. पाठीला लिहिले असते तर पावसाने पुसले असते. पोटाला लिहिले म्हणून राहिले.

मी ओटीवर बसलो. आप्पाही शेजारी येऊन बसले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मास्तर बोलायचे, मी गेल्यावर कुणी वर चढलाच, तर त्याला उगाच पहिल्यापासून शिकायला नको.”

त्या दिवशी संध्याकाळी मी बावीस पाने बाजूला ठेवली आणि दादाची कौले मोजली. माजघर, ओटी, स्वयंपाकघर मिळून छपरात लिहिलेली कौले निघाली एक्केचाळीस. बाकी सगळी पणजोबांच्या वेळची. एकट्या पडवीच्या पाख्यात मात्र, वादळातून उरलेल्या जेमतेम शंभर कौलांत, लिहिलेली निघाली अठ्ठ्याहत्तर. काही जागी तर एकाच ठिकाणचे कौल तीनतीनदा बदललेले. कारणे दोनच, माकड आणि उतार. फणसाच्या झाडावरून माकडांची उडी नेमकी पडवीवर पडते. आणि पडवी म्हणजे मूळ घराला मागाहून लावलेले छप्पर, त्याचा उतार बेताचा. मंगलोरी कौलाला चांगला उतार लागतो, नाहीतर जोराच्या पावसात पाणी सांध्यातून मागे फिरते. मातीविरुद्ध सिमेंट हा प्रश्नच नव्हता. प्रश्न पडवीचा होता. देवाला तो कळला नव्हता यात देवाची काही चूक नव्हती.

रात्री जेवताना मी वहिनीला हे सांगितले. म्हटले, पडवीवर सिमेंटची घालावीत. ती बेताच्या उतारावर चालतात, माकडाच्या उडीला दाद देत नाहीत, त्यांत लोखंड नसल्यामुळे खाऱ्या वाऱ्याने गंजायचेही काही नाही, आणि पडवीचे वासे नाहीतरी नवेच घालायचे आहेत. घरावर मात्र हीच जुनी.

वहिनी ताकाची वाटी पुढे सरकवत म्हणाली, “मी हेच सांगणार होते.”

“मग सांगितलं का नाहीत?”

“कुणी विचारलं?”

ठाणे, पुणे, बडोदे, न्यू जर्सी आणि प्रस्तुत समीक्षक, कुणीही विचारले नव्हते. दोन वर्षे आम्ही तिच्या डोक्यावर काय असावे याची चर्चा केली होती, आणि त्या डोक्यात काय आहे हे पाहायचे राहून गेले होते.

“घरावर मातीचीच का, ते सांगू?” वहिनी म्हणाली. ती उठली, कोपऱ्यातली लांब काठी घेतली, माळ्याच्या जिन्यावर दोन पायऱ्या चढली आणि काठीच्या टोकाने वरचे एक कौल आतून अलगद उचलून सारखे केले. तिथून येणारी चांदण्याची तिरीप मिटली. “हे मला जमतं. आप्पा थकले, त्यांचा मुलगा मुंबईला. रात्री दोन वाजता गळायला लागलं तर मी कुणाला हाक मारू? ह्यांनी मला हे शिकवून ठेवलंय. साडेचार किलोचं, खिळा मारलेलं कौल मी काठीने हलवू शकेन का? मला चांगलं आणि वाईट नको भाऊजी, मला माझ्या हाताला येईल असं पाहिजे.”

चाळीस वर्षांत मी वाङ्मयीन मूल्यांविषयी बरेच काही लिहिले आहे. त्यातली तीनचार पाने मी त्या रात्री मनातल्या मनात फाडली.

काम वीस दिवस चालले. वादळात कौले का उडाली याचेही उत्तर त्यात मिळाले. मंगलोरी कौलाच्या पोटाला तार ओवण्यासाठी एक भोक असते, त्यातून तार घेऊन ते रिपेला बांधायचे असते. ११५ वर्षांत ते कुणीही बांधले नव्हते, कारण कौल आपल्या वजनाने बसते असा सर्वांचा विश्वास. आता कडेच्या आणि आढ्याजवळच्या ओळी तारेने बांधल्या. मधली मोकळी ठेवली, वहिनीच्या काठीसाठी. कमी पडली ती पाडलेल्या एका जुन्या घराची घेतली, एकेक टिचकी मारून. स्वयंपाकघरात उजेडासाठी एक काचेचे कौल होते, ते धुऊन परत जागच्या जागी बसवले. पडवीवर त्या सव्वीस वर्षांच्या मुलाकडची सिमेंटची कौले चढली. तो स्वतः आला, दिवसभर उन्हात वर उभा राहिला आणि प्रत्येक खिळा तपासूनच उतरला. मी त्याच्याविषयी मनात जे म्हटले होते ते इथे परत घेतो.

देशीवाद्यांना पडवीचे दुःख झाले आणि नवतेच्या पुरस्कर्त्यांना घराचे. म्हणजे निर्णय बरोबर असावा. न्यू जर्सीच्या पुतण्याने फोटो पाहून कळवले, की दोन तांबड्यांची छटा जुळत नाही. ते खरे आहे. पण सिमेंटचा रंग उतरत जाईल आणि मातीवर शेवाळ चढत जाईल, आणि दहाबारा पावसाळ्यांनी दोघेही एकसारखे काळे दिसतील. कोकणातला पाऊस अशी भांडणे फार काळ ठेवत नाही.

दादाने लिहिलेली जी कौले शाबूत होती ती सगळी माजघरावर एकत्र घालायला मी सांगितले. वहिनी म्हणाली, नको, ज्या जागी होती त्या जागी जाऊ देत, नाहीतर पुढच्याला कळणार कसे? म्हणून तशीच घातली. पडवीवरची तेवढी खाली उरली. ती वहिनीने तुळशीभोवती ओळीने रोवून ठेवली आहेत, अक्षरे आतल्या बाजूला.

जूनमध्ये वहिनीचा फोन आला. बोलली काहीच नाही, फोन नुसता वर धरला होता. मुसळधार पाऊस पडत होता. माजघरात तो मातीवर पडल्यासारखा मऊ वाजत होता. मग ती चालत पडवीत गेली असावी, तिथे तोच पाऊस टणक वाजू लागला. मग तिचा आवाज आला, “ऐकलंत? पातेली सगळी फळीवर आहेत.” आणि लगेच, “पुढल्या मेमधे या शाकारणीला. आंबे खायला नव्हे, शिडी धरायला.”

गेलो. २०२४ च्या मे महिन्यात गेलो, त्यानंतरच्या मे महिन्यातही गेलो. शिडी धरायला म्हणून गेलो आणि आप्पांना वर चढवेना, म्हणून मीच चढलो. या वयात हे करू नये असे डॉक्टर म्हणतात. पण डॉक्टर आमच्या माजघरात झोपत नाहीत. पहिल्या वर्षी एकच कौल फुटलेले सापडले. ते बदलले आणि आप्पांनी खालून ऑइलपेंटचा डबा वर दिला. बावीस पाने एका बैठकीत लिहिणारा माणूस मी, पण ब्रश हातात घेऊन दहा मिनिटे तसाच बसून होतो. शेवटी लिहिले, ‘मे २०२४. माकड.’

माझ्या नावावर आजवर शेकडो परीक्षणे छापून आली. पण माजघरात उताणे पडल्यावर जे वर दिसते, ते हे एकच.